उलाळ की धुरजड? ट्रकचा उचलता ॲक्सल नेमकं काय करतो

माझा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत कराडहून साताऱ्याला आला, तो कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठं खोकं घेऊन. खोक्यात गेमचं स्टिअरिंग आणि पेडलं. आमच्या गोडोलीच्या घरातलं टीव्हीसमोरचं टेबल त्यानं ताब्यात घेतलं आणि घरात सकाळ-संध्याकाळ इंजिनाची घरघर सुरू झाली. खेळ म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २. झेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरात एससीएस सॉफ्टवेअर नावाची कंपनी आहे, तिनं २०१२ साली काढलेला. यात मारामारी नाही, शर्यत नाही. माल भरायचा, युरोपातल्या एका गावातून दुसऱ्या गावी पोचवायचा, पैसे मिळवायचे, नवी गाडी घ्यायची. माझ्या बहिणीला हे समजत नाही. "फुकटची हमाली" म्हणते ती.

एका संध्याकाळी पठ्ठ्या नॉर्वेतल्या चढावर अडकला. त्यानं कुठलासा बर्फाचा मॉड टाकला होता, म्हणजे मूळ खेळात नसलेली, बाहेरच्या कुणीतरी बनवलेली जोड. रस्ता पांढरा, मागचा ट्रेलर रिकामा, आणि ट्रकची मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतायत. गिअर बदलून पाहिला, एक्सलेटर कमी-जास्त करून पाहिला. गाडी हलेना.

दिवाणावर आमचे अण्णा पडले होते. माझे चुलते. तीस वर्षं त्यांनी सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ मुंबईला ओढला. त्यांनी चष्मा सारखा केला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मागचा डमी उचल की."

"अण्णा, आधीच चाकं घसरतायत. अजून दोन वर उचलली तर पकड आणखी कमी होईल ना?"

"बटन हाय ना त्यात? मग उचलून बघ."

भाच्यानं कळ दाबली. पडद्यावर मागची दोन चाकं हळूच वर झाली, ट्रक जरासा मागं बसला, आणि पुढच्या क्षणी निघाला. भाचा माझ्याकडं बघायला लागला. मी औद्योगिक वसाहतीत पंचवीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळं असले प्रश्न घरात माझ्याकडं येतात. पुढचे दोन तास जे बोलणं झालं ते इथं मांडतो, कारण "जास्त चाकं म्हणजे जास्त पकड" हा समज खेळणाऱ्या पोरांचाच नाही, चांगल्या चांगल्यांचा असतो.

आधी मोजणीतला गोंधळ मिटवू. आपण ट्रक टायरवर मोजतो: सहा चाकी, दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी. मागच्या ॲक्सलला, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं ज्या आडव्या दांड्यावर बसतात त्याला, एका बाजूला दोन टायर जोडीनं असतील तर आपण दोन्ही मोजतो. खेळातल्या शोरूममध्ये मात्र चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, निवडताना ४x२, ६x२, ६x४ असं लिहिलेलं दिसतं. तिथं टायर मोजत नाहीत, चाकांची ठिकाणं मोजतात. जोडीचे दोन टायर म्हणजे एक ठिकाण. पहिला आकडा एकूण ठिकाणांचा, दुसरा आकडा त्यातल्या किती ठिकाणी इंजिनाची ताकद पोचते त्याचा. म्हणजे ६x२ म्हणजे तीन ॲक्सल, पण ओढणारा एकच. आपल्याकडची साधी दहा चाकी मालगाडी बहुतेक करून हीच. ओढणाऱ्या ॲक्सलला आपले ड्रायव्हर हौसिंग म्हणतात, कारण डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा त्यातच असतो. नुसतं वजन पेलणाऱ्याला म्हणतात डमी. अण्णांनी सांगितलेला डमी हाच. कधी कधी ६x२/४ असाही प्रकार दिसतो. त्यातला शेवटचा चार म्हणजे वळणारी चाकं चार आहेत, पुढची दोन आणि डमीची दोन.

उचलता ॲक्सल (इंग्रजीत लिफ्ट ॲक्सल) म्हणजे हा डमी हवेच्या जोरावर वर घेता येणं. ओढणारा ॲक्सल उचलून चालणार नाही, पुढचा तर स्टिअरिंगचा. उरला डमी.

आता पकडीचं. टायर रस्त्याला किती धरून ठेवतो हे दोन गोष्टींवर ठरतं: रस्ता कसला आहे आणि त्या टायरवर वजन किती आहे. रस्ता आपल्या हातात नाही. वजन मात्र थोडंफार आहे. गाडी पुढं ढकलतात ती फक्त हौसिंगची चाकं, म्हणून प्रश्न एकच: गाडीच्या एकूण वजनातलं किती त्या चाकांवर आहे? डमी खाली असताना तो मागचं निम्मंअर्धं वजन स्वतः खातो. तो कामाचा नाही असं नाही, पण चढ चढताना त्याच्यावरचं वजन म्हणजे नुसतं बसून जेवणारा पाहुणा.

भाच्याला आकडे लागतात, म्हणून मी वहीत मांडले. आकडे माझ्या सोयीचे धरलेले आहेत, पण खऱ्याच्या जवळचे. ट्रक आणि रिकामा ट्रेलर मिळून १५ टन. ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर साडेपाच टन, हौसिंगवर साडेतीन, मागच्या डमीवर अडीच, आणि उरलेले साडेतीन ट्रेलरच्या चाकांवर. शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता असेल तर गाडीला मागं खेचणारा जोर १५ टनांच्या आठ टक्के, म्हणजे १.२ टन. टायर लोळवायला आणखी ०.१ धरा. एकूण १.३ टन जोर हवा. बर्फाच्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच जोर लावू शकतो. हौसिंगवर साडेतीन टन, त्याचा पाचवा हिस्सा ०.७. हवेत १.३, मिळतात ०.७. इंजिन पाचशे हॉर्सपॉवरचं असो की सातशेचं, चाकं नुसती फिरणार.

"मग डमी उचलला की त्याचे अडीच टन हौसिंगवर येणार. साडेतीन आणि अडीच, सहा. सहाचा पाचवा हिस्सा १.२," भाचा म्हणाला. "म्हणजे तरी ०.१ कमीच पडतंय. मग गाडी निघाली कशी?"

पोरगं हुशार आहे. बहुतेक जण इथंच फसतात, कारण डमीचं वजन उचलून शेजारच्या चाकावर ठेवलं एवढंच चित्र डोळ्यासमोर असतं. खरी गंमत याच्या पुढं आहे आणि ती अण्णांनी सांगितली, ट्रकचा संबंध न लावता.

"आमच्या आबांची बैलगाडी व्हती," अण्णा म्हणाले. "ऊस भरताना मागं जास्त भरला की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचलायचं, बैलांच्या गळ्याला फास. पुढं जास्त भरला की धुरजड. सगळा भार बैलांच्या मानंवर. भरनाऱ्याला दोन्हीतला मधला ठाव सापडाया पायजे."

हे दोन शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेलेत, पण लिफ्ट ॲक्सल समजून घ्यायला यांच्याइतके नेमके शब्द मला दुसरे माहीत नाहीत. उलाळ म्हणजे मागं झुकलेली. धुरजड म्हणजे धुरेकडं, पुढं जड. बैलगाडीला टेकू एकच, तिचा आस. ट्रकला टेकू दोन: पुढचा ॲक्सल आणि मागचा. मागची चाकं दोन ठिकाणी असतील तर मागचा टेकू या दोघांच्या मधे कुठंतरी असतो. आणि डमी उचलला की हा टेकू सरकतो.

आमच्या उदाहरणातला डमी हौसिंगच्या मागं आहे. शेपटीकडं. पुढच्या ॲक्सलपासून हौसिंग तीन मीटरवर, डमी त्याच्याही मागं सव्वा मीटरच्या आसपास, हिशोबाला ४.२ मीटरवर धरू. डमी उचलला की त्याला पेलणारं खाली काही राहिलं नाही, आणि त्यावरचं वजन हौसिंगच्या पलीकडं लोंबकळायला लागलं. सी-सॉवर एकाच बाजूला पोरगं बसावं तसं. दांडा हौसिंगवर टेकलेला, शेपटी खाली दाबली जातेय, नाक वर उठू पाहतंय. म्हणजे हौसिंगवर नुसते डमीचे अडीच टन येत नाहीत, पुढच्या चाकांवरचंही थोडं वजन मागं ओढलं जातं. हिशोब सरळ आहे: अडीच गुणिले ४.२, भागिले ३, बरोबर साडेतीन. हौसिंगवर साडेतीन वाढले, म्हणजे तिथं सात टन झाले. पुढचे साडेपाचचे साडेचार झाले. सात टनांचा पाचवा हिस्सा १.४. हवेत १.३. गाडी निघाली.

तो एक टन पुढून मागं गेला म्हणून ट्रक मागं बसल्यासारखा दिसला. गाडी उलाळ झाली, आणि आपल्याला तेच हवं होतं.

पण याची किंमत असते. पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं म्हणजे स्टिअरिंगची पकड कमी झाली. सरळ चढावर चालून जातं. निसरड्या वळणावर पुढची चाकं वळवलेली असतात आणि गाडी सरळच जायचं म्हणते. म्हणून चढ संपला, गाडीनं वेग घेतला, की ॲक्सल खाली. ट्रेलर नसताना नुसत्या घोड्याला, म्हणजे ट्रॅक्टर युनिटला, हे फारसं जाणवणार नाही. पण ट्रेलरचा भार मागच्या टोकाला टेकत असेल तेव्हा जाणवतं.

आता दुसरा प्रकार. खेळात काही चेसिसच्या नावापुढं मिडलिफ्ट असतं, काहींच्या टॅगलिफ्ट. टॅग म्हणजे वर सांगितलेला, हौसिंगच्या मागचा. मिडलिफ्टमध्ये डमी हौसिंगच्या पुढं, गाडीच्या पोटाखाली. आपल्याकडच्या उचलत्या ॲक्सलच्या मालगाड्यांत बऱ्याचदा हाच दिसतो: पुढचं चाक, मग अधांतरी लटकलेला ॲक्सल, मग मागची जोडी.

हा उचलला तर? डमी पुढच्या ॲक्सलपासून १.८ मीटरवर धरू, वजन तेच अडीच टन. आता हे वजन दोन टेकूंच्या मधे आहे, पलीकडं नाही. कावडीसारखं ते दोघांत वाटलं जातं. अडीच गुणिले १.८ भागिले ३ म्हणजे दीड टन हौसिंगकडं, आणि उरलेला एक टन पुढच्या चाकांकडं. टॅगमध्ये हौसिंगला साडेतीन टनांचा फायदा झाला होता, इथं दीडच. आणि पुढचं चाक हलकं होण्याऐवजी जड झालं. गाडी धुरजड. त्याच हिशोबात हौसिंगवर पाच टन, जोर एक टन, आणि आमच्या नॉर्वेच्या चढावर ही गाडी अडकूनच राहिली असती.

म्हणजे एकच बटण, पण डमी कुठं बसवलाय यावर परिणाम उलटे. खेळात शोरूममध्ये उभं असताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बर्फ, चिखल, रिकाम्या फेऱ्या जास्त असतील तर टॅग. मला विचाराल तर खेळणाऱ्यानं पहिली तीन ॲक्सलची गाडी टॅगचीच घ्यावी, शिकायला तिच्यात जास्त मिळतं.

वळण्याच्या बाबतीतही असंच उलटसुलट आहे. गाडी वळताना मागच्या टेकूभोवती फिरते. टॅग खाली असेल तर हा टेकू हौसिंग आणि डमीच्या मधे, म्हणजे थोडा मागं. डमी उचलला की टेकू पुढं हौसिंगवर आला, गाडी जणू लांबीनं आखूड झाली, वळण कमी जागेत बसतं. मिडलिफ्टमध्ये पोटाखालचा ॲक्सल उचलला की टेकू मागं सरकतो, गाडी जणू लांब होते. टायर घासायचे थांबतात हे खरं, पण वळण घट्ट होईल ही आशा चुकीची. त्या चेसिसला म्हणूनच बऱ्याचदा डमीची चाकं वळणारी देतात.

ॲक्सल उचलतो कोण? हवा. ट्रकच्या इंजिनावर कॉम्प्रेसर असतो, तो टाक्यांत हवा भरतो, त्याच हवेवर ब्रेक चालतात. युरोपच्या ट्रकला मागं पाट्यांऐवजी, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांऐवजी, रबराच्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांना बेलो म्हणतात. डमीवर वजन पेलणाऱ्या पिशव्या वेगळ्या आणि त्याला वर ढकलणारी पिशवी वेगळी. बटण दाबलं की पहिल्यातली हवा सुटते, दुसरीत भरते, ॲक्सल वर. खाली घेताना याच्या उलट. खेळात तो लगेच वर जात नाही, सावकाश जातो. ती नाटकबाजी नाही, पिशवी भरायला वेळ लागतोच.

आणि म्हणून अण्णांच्या काळच्या गाड्यांत हे शक्य नव्हतं. त्यांची दहा चाकी पाट्यांवरची. मागची जोडी एकाच बोगीत बांधलेली, वजन दोघांत वाटलेलं, उचलायला काही नाही. पावसाळ्यात वाळव्याकडच्या काळ्या रानात रिकामी गाडी रुतली की काय करायचे ते त्यांनी सांगितलं. हमालांना मागच्या फाळक्यावर उभं करायचे. आठ-दहा माणसं फाळक्यावर, एक जण हँडलवर. आता हिशोबात बसवून बघा: फाळका मागच्या चाकांच्याही मागं, म्हणजे साठ किलोचा माणूस तिथं उभा राहिला की मागच्या चाकांवर साठपेक्षा जास्त भार पडतो, कारण तो पुढचं थोडं उचलून मागं आणतो. लिफ्ट ॲक्सलचं तत्त्व अण्णा हमालांकडून वापरून घेत होते. "आनि गाडी निघाली की त्यांला पळत येऊन चढावं लागायचं," असं सांगून ते बराच वेळ हसले.

मग भाच्याचा पुढचा प्रश्न: एवढा फायदा आहे तर ॲक्सल कायम वरच का ठेवू नये?

कारण वजन. वर केलेलं उदाहरण रिकाम्या गाडीचं होतं. भरलेल्या गाडीचा डमी उचलला तर हौसिंगचं, टायरचं आणि खालच्या रस्त्याचं काय होईल ते बघा. युरोपीय संघाच्या १९९६ सालच्या नियमानुसार देशाबाहेर जाणाऱ्या गाडीच्या ओढणाऱ्या ॲक्सलवर जास्तीत जास्त साडेअकरा टन चालतात, न ओढणाऱ्यावर दहा. साध्या पाच ॲक्सलच्या ट्रक-ट्रेलरचं एकूण वजन ४० टन. त्याच नियमात आणखी एक अट आहे जी मला फार आवडते: एकूण वजनाचा किमान चौथा हिस्सा ओढणाऱ्या ॲक्सलवर असलाच पाहिजे. ४० टनांच्या गाडीला १० टन. म्हणजे वरची मर्यादा साडेअकरा, खालची दहा, मधे फट केवळ दीड टनाची. जास्त झालं तर रस्ता खचतो, कमी झालं तर चढावर गाडी आडवी होते. माल कुठं ठेवायचा याचा तिकडच्या ड्रायव्हरला एवढा घोर का असतो ते यात आलं.

आणि तिथल्या खऱ्या गाड्या ड्रायव्हरच्या मर्जीवर नाहीत. पिशवीतला हवेचा दाब म्हणजे वजनाचं माप. दाब ठरल्या हद्दीपलीकडं गेला की ॲक्सल आपोआप खाली येतो. निसरड्यावर निघायला म्हणून थोडी सूट दिलेली आहे: ओढणाऱ्या ॲक्सलवर थोड्या वेळापुरतं तीस टक्क्यांपर्यंत जादा वजन चालतं, पण ताशी ३० किलोमीटर वेग व्हायच्या आत ॲक्सल परत खाली. अण्णांना ही सूट पटली. "निघायचंच तर अवघड असतंय, चालू झाल्यावर काय."

मी पुन्हा वही ओढली. ४० टनांची भरलेली गाडी, तोच आठ टक्क्यांचा चढ: नुसता चढ चढायला ३.२ टन जोर हवा. साडेअकराचा पाचवा हिस्सा २.३. तीस टक्के सूट धरून जवळजवळ १५ टन हौसिंगवर आणले तरी जेमतेम ३. तरी नाही चढत. बर्फात भरलेल्या गाडीच्या चाकांना साखळ्या बांधतात त्या यासाठी. लिफ्ट ॲक्सल जादूची कांडी नाही, हे भाच्यानं वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आपल्याकडं जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलवर किती वजन चालेल ते वाढवलं. चार टायरच्या एकट्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ वर गेली, आठ टायरच्या जोडीची १९ वरून २१ वर. म्हणजे आपला साडेअकराचा आकडा आणि युरोपचा साडेअकराचा आकडा एकच. मोजमापं जुळली, पण आपल्या हायवेवर उचलता ॲक्सल कसा वापरला जातो ते महामार्गालगत राहणाऱ्याला सांगायला नको. ताडपत्री बांधलेली, पाटे सरळ झालेली भरगच्च गाडी आणि एक ॲक्सल वर. टायर वाचतात, थोडं डिझेल वाचतं, असा हिशोब. चाक लोळलं नाही तर टायर झिजत नाही आणि तेवढा ओढ कमी होतो, इतपत खरंच आहे. रिकाम्या गाडीला हा फायदा शंभर टक्के रास्त. भरलेल्या गाडीला मात्र तो दुसऱ्याच्या खिशातून काढलेला आहे.

हा दुसरा म्हणजे रस्ता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ खास चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर सतत भरलेले ट्रक फिरवले होते. त्यातून एक ठोकताळा निघाला जो जगभरचे रस्ते बांधणारे आजही वापरतात: रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट झालं की नुकसान दुप्पट नाही, सोळापट. गणितातला घात आणि बोलण्यातला घात एकाच अर्थानं येण्याची ही दुर्मिळ जागा. २१ टनांची मागची जोडी घ्या, प्रत्येकी साडेदहा. एका ॲक्सलचं नुकसान एक धरलं तर दोघांचं दोन. तेच वजन समजा एकाच ॲक्सलवर टाकलं, तर नुकसान सोळा. आठपट, तेवढाच माल नेऊन.

ट्रेलरचं मी थोडक्यात सांगतो, कारण यात लोक हमखास उलटं करतात. युरोपच्या ट्रेलरला मागं तीन ॲक्सल असतात, आणि काहींचा एखादा उचलता येतो. खेळातही ट्रकच्या ॲक्सलची कळ वेगळी आणि ट्रेलरची वेगळी असते, कंट्रोलच्या यादीत शोधून सोयीच्या जागी लावून घ्यावी. रिकाम्या ट्रेलरचा पहिला ॲक्सल उचलला तर ट्रेलरचा टेकू मागं सरकतो, म्हणून ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकवर जास्त भार टाकतं. तो भार हौसिंगला मिळतो. चढावर मदत होते. शेवटचा उचलला तर टेकू पुढं येतो, ट्रेलर वळायला सोपा होतो, पण ट्रकवरचा भार कमी होतो आणि हौसिंगची पकड जाते. अरुंद गोदामात मागं घेताना शेवटचा वर असलेला बरा, ओल्या चढावर पहिला. बैलगाडीच्या भाषेत, ट्रेलरसुद्धा उलाळ किंवा धुरजड होतो, फक्त बैलांच्या जागी पुढं ट्रक आहे.

उताराचं अण्णांनी एका वाक्यात संपवलं: "उताराला समदी चाकं खाली." वर लटकलेल्या चाकाचा ब्रेक कशालाच उपयोगी नाही. तेवढा सगळा ताप खालच्या चाकांच्या ब्रेकनी सोसायचा. खंबाटकीच्या जुन्या घाटात तापलेल्या ब्रेक लायनरचा वास त्यांनी कितीदा घेतलाय, त्यांना हिशोबाची गरज नाही. एक पोटनियम मी जोडला. इंजिन ब्रेक आणि रिटार्डर (लायनर न घासता गाडीचा वेग कमी करणारी यंत्रणा) फक्त ओढणाऱ्या चाकांना थांबवतात. निसरड्या उतारावर गाडी रिकामी असेल, डमी खाली असेल आणि हौसिंग हलकं असेल, तर जोरात रिटार्डर लावल्यावर तीच चाकं घसरायला लागतात. मग रिटार्डर कमी करायचा आणि पायाच्या ब्रेकवर यायचं, तो सगळ्या चाकांना सारखा धरतो. डिफरन्शियल लॉकही (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) खेळात आहे, पण तो वेगळा इलाज: एक बाजू चिखलात आणि दुसरी कोरड्यावर असेल तेव्हाचा. दोन्ही बाजूंवर वजनच नसेल तर लॉक करून काय होणार.

भाच्यानं त्यानंतर आठवडाभर नुसते प्रयोग केले. त्याच चढावर टॅगची गाडी, मिडलिफ्टची गाडी, ट्रेलरचा पहिला वर, शेवटचा वर. एकदा अण्णांनाही स्टिअरिंगवर बसवलं. त्यांनी पहिल्यांदा हॉर्न कुठाय विचारलं.

सुट्टी संपल्यावर त्याला एसटीत बसवून दिलं. तासाभरानं त्याचा फोन. एसटी तासवडे टोलनाक्याच्या रांगेत उभी होती.

"मामा, शेजारी चौदा चाकी आहे. पोटाखालचा ॲक्सल वर. ताडपत्री बांधलीय."

"मग भरलेली असेल."

"पाटे एकदम सरळ झालेत. खालचे टायर बसलेत. भरलीच आहे."

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "नाक कसं हाय रं गाडीचं?"

"खाली, अण्णा. धुरजड झालीय."